न रुसणारी गाडी

"रस्त्यात कधी रुसली का, काका?" नर्सने विचारलं.

काकांनी चष्म्यांचं दुकान अलीकडेच बंद केलं होतं, हातातली सवय मात्र गेली नव्हती. चष्मा पुसावा तसा त्यांनी गाडीचा बाजूचा आरसा पुसला. "रुसणं तिला माहीतच नाही. उशीर होईल, पण घरी येणार म्हणजे येणार."

नर्सच्या नवऱ्याने बायकोकडे बघून भुवया उडवल्या. कित्येक रविवार दोघं जुन्या गाड्या बघत वणवण करत होते. नर्सला पहाटेच्या ड्युटीला डोंगरातल्या रस्त्याने जावं लागे, म्हणून तिला दगा न देणारी गाडी हवी होती. नवऱ्याला हवी होती चालवताना मजा येणारी. भरवशाच्या गाड्या रडतखडत चालत, आणि पळणाऱ्या गाड्या दलालाच्या फाटकाबाहेर पडेपर्यंतच पळत. ही लहानशी लाल गाडी बघून मात्र दोघं एकदमच गप्प झाले होते.

"वळणांवर कशी आहे?" नवऱ्याने विचारलं.

"वळणांवर तर तिला भारी मजा येते. माझा जीव मुठीत, आणि ती आपली गाणी म्हणते."

टायर वाजत असतील म्हणून नवऱ्याने वाकून बघितलं. टायर चांगले होते.

"आणि थंडीत?" नर्स म्हणाली.

"सकाळी जरा कुरकुर करते. हाका माराव्या लागतात. पण एकदा उठली की दिवसभर बघायला नको."

"बॅटरी," नवरा बायकोच्या कानात पुटपुटला.

काकांना ते ऐकू गेलं. "बॅटरीला काही झालेलं नाही. रोज संध्याकाळी मी चालू करतो ना. फाटकापर्यंत मागेपुढे करतो."

"पावसात भिजली तर काही त्रास?"

"शिंकते," काका हसले. "डोकं पुसायचा कंटाळा. मग ही ओरडते तिच्यावर."

नवरा हसायला लागला आणि मध्येच थांबला. काका कुठल्यातरी मुलीबद्दल बोलत होते. गाडीलाही तीच म्हणायचं आणि मुलीलाही तीच, त्यामुळे इतका वेळ कोणाच्या काही लक्षातच आलं नव्हतं. नर्सच्या अंगावर काटा आला. असं बोलणारे लोक तिने वॉर्डात पाहिले होते.

"शिंकायची," दारातून आवाज आला. काकू दुसरी किल्ली घेऊन बाहेर येत होत्या. "शिंकायची म्हणा. किती वेळा सांगायचं?"

काका फडक्याची घडी घालू लागले.

"मुलगी होती आमची," काकू नर्सला म्हणाल्या. "तापाने गेली. गाडी तिचीच, पण गाडीला ओरखडासुद्धा नाही, तुम्ही ती काळजी करू नका. विकायचं मीच काढलंय. हे रोज तिच्या यायच्या वेळेला गाडी चालू करतात. बॅटरीसाठी, म्हणे. गाडीत हेच बसलेत हे मला ठाऊक असतं हो. तरी फाटकाशी आवाज आला की मी उठते, जेवण गरम करायला घेते. मग एकमेकांकडे न बघता आम्ही दोघं ते खातो. अशाने वेड लागेल मला."

काकांनी फडकं खिशात घालून किल्ली नर्सच्या हातात दिली. "चक्कर मारून या. तिला..." ते थांबले. "गाडीला चढावर बघा."

गाडी चढावर खरंच भन्नाट होती. वळणावर रस्त्याला धरून राहत होती आणि लगेच पुढच्या वळणाकडे धाव घेत होती. एकदा तर नर्स मोठ्याने हसली. लगेच तिला कसंतरी झालं. दुसऱ्या कोणाच्या वाटणीचं हसून घेतल्यासारखं वाटलं.

"हीच घेऊ या," नवरा म्हणाला. "अशी दुसरी मिळायची नाही."

"मिळायची नाही, कबूल. पण अंधारात एकटी कशी बसू रे हिच्यात? मला भीती वाटते."

"बॅटरी तर उत्तम आहे," नवरा म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर त्याला हसू आलं नाही.

ते परतले तेव्हा दिवे लागले होते. नको म्हणून सांगायचं, नर्सने मनाशी ठरवून टाकलं होतं. गाडी फाटकात वळली तसा स्वयंपाकघरातला दिवा लागला. काकू पदराला हात पुसत लगबगीने बाहेर आल्या आणि त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"किती गं उशीर!"

नर्स स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली. काकूंचा हात दारावरच राहिला. आत कुठेतरी भांड्याखाली गॅस फुरफुरत होता.

"अगं, त्या गाडी बघायला आल्यात," मागून काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू होता. बायकोचे खांदे धरून त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "मला सगळं ठाऊक आहे."

नर्सची भीती कुठल्या कुठे गेली. तिने गाडी बंदच केली नाही.

"गाडी आम्ही घेतली, काका," ती म्हणाली. "आत्ताच नेतो."

"आत्ता?" नवरा गोंधळला. "आणि कागद?"

"कागदांसाठी उद्या येऊ ना आपण." तिने फाटकाकडे बघितलं. "बसने येऊ."

काकांनी मान हलवली. ते पुढे होऊन फाटक उघडून उभे राहिले. नर्सने दार ओढून घेतलं, काच खाली केली. काकूंनी टपावरून एकदा हात फिरवला.

"पोचलीस की फोन कर," त्या म्हणाल्या. त्या नर्सकडे बघत नव्हत्या.

"करते," नर्स म्हणाली.