बाहेरची चप्पल

औषधांच्या कारखान्यात बाहेरची चप्पल आत न्यायची नाही, हा सासूबाईंचा नियम. सख्ख्या नवऱ्यालाही त्यांनी दारातून परतवलं होतं. ऑफिसात चपला चालत; तिथले कॉम्प्युटर मात्र सुनेच्या ताब्यात. तिनं तपासल्याशिवाय त्यांत कुठलंही सॉफ्टवेअर शिरत नसे. आज जावईबापू पेनड्राइव्हमधून मित्राचं फुकटातलं सॉफ्टवेअर घेऊन आले. कॉम्प्युटरनं ते घेतलं नाही, तसे एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसले. सासूबाई तरातरा आल्या. “अगं, जावई आहेत ते. टाक की एवढं.” “आधी तपासते, आई.” “टाकता येत नाही तुला?” “येतं. टाकणार नाही.” “मग उद्यापासून या खुर्चीत दुसरं कोणी बसेल.” “बसू देत. मी बसलेय तोवर नाही.” सासूबाई थबकल्या. नवऱ्याला अडवताना त्यांचाही आवाज असाच होता. त्या ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर गेल्या, चपला काढून अनवाणी आत आल्या. “जावईबापू, इथंही बूट बाहेर.”