डोहावरचा खंड्या

“आज खंड्या पक्ष्याचा फोटो काढला नाही, तर मिशी उतरवीन,” अशी पैज क्लबात मारून आलेले सोनोपंत गळ्यात कॅमेरा अडकवून नदीकाठच्या पायवाटेवर तीन तास हिंडले. निळं पीसही दिसेना.

“आजी, इथं खंड्या कुठं दिसेल?” त्यांनी धुणं बडवणाऱ्या म्हातारीला विचारलं.

“डोहावर. सकाळधरनं मासं धरत बसलाय. दबकत जावा, लई बुजरा हाय.”

पंत चिखलातून पोटावर सरपटत डोहाशी पोचले. तिथं निळ्या सदऱ्यातला धिप्पाड गडी गळ टाकून बसला होता. “खंड्याचा फोटो काढायचाय, कुठं दिसला का?” पंतांनी कुजबुजत विचारलं.

“मीच की खंड्या,” भांग सारखा करत तो म्हणाला. “काढा फोटो.”

पंतांनी मनोमन मिशीचा निरोप घेतला आणि बटण दाबलं. त्याच क्षणी गळाच्या काठीवर एक निळं पाखरू टेकलं अन् भुर्रकन उडालं.

गड्यानं फोटो निरखला. “मी झ्याक आलोय. पण हे पाखरू मधीच कडमडलं. पुसा आन् दुसरा काढा.”

पंत कॅमेरा कवटाळून असे सुसाट पळाले, की मिशी क्लबात त्यांच्यामागून दोन मिनिटांनी पोचली.