थंड तार

धोंडू वायरमनने चाळीस वर्षांच्या सवयीने आरोग्य केंद्राच्या जाड केबलला उलटा हात लावला. केबल थंडगार होती. म्हणजे लाइन गेली! आणि आत, विजेवर तापणाऱ्या काचपेटीत, सातव्या महिन्यातच झालेली त्याची नात होती.

तो धापा टाकत आत शिरला. "सिस्टर, करंट गेला!"

"आहे की, काका!" सिस्टर हसली. "ही नवी तार तापतच नाही. जुन्या तारेत इलेक्ट्रॉन धडका खात यायचे, म्हणून ती गरम व्हायची. हिच्यात ते न अडखळता थेट पोचतात. हात धुवा आणि स्वतःच बघा."

धोंडूने पेटीच्या झरोक्यातून तोच उलटा हात नातीच्या तळपायाला टेकवला. तळपाय उबदार होता.

"लाइन चालू आहे," तो पुटपुटला.