चोरीचा मुनवा

थोरल्या जावेचा सकाळपासून घरात पाय ठरत नव्हता. मर रोगाने बागेतली शेवटची केळही पिवळी पडून आडवी झाली होती. सासूबाईंनी जिवापाड जपलेली ती जात आता उरलीच असेल, तर धाकट्या जावेच्या परसात. केळीच्या बुडाशी फुटलेला एक मुनवा चोरल्याचा आळ घेऊन हिनेच धाकटीशी वर्षानुवर्षं अबोला धरला होता. रोग मातीतून पसरतो, म्हणून पाय खसाखसा धुऊन ती धाकटीच्या दारात उभी राहिली.

“कुठे लावलास तो मुनवा? दाखव. मी चकार शब्द काढणार नाही.”

धाकटीने तिच्यासाठी पाट मांडला.

“अगं बाई, चोरलास एवढं कबूल कर ना!”

“चोरायला हवा होता, जाऊबाई,” धाकटी रडवेली झाली. “पण खरंच नव्हता हो चोरला.”