बाकावरचा व्हर्जिल

संगणकावरच्या बेसबॉल लीगमध्ये लोर्नाचा संघ भल्याभल्यांना धूळ चारत अंतिम सामन्यात पोचला. त्या खेळात खरेखुरे जुने खेळाडू त्यांच्या खऱ्या आकडेवारीनिशी उतरवता येत. तरुणपणी एकच हंगाम खेळलेला तिचा नवरा व्हर्जिलही तिच्याच संघात होता, पण तिने त्याला वर्षभर राखीव म्हणून बाकावर बसवून ठेवलं होतं.

“अगं, आज तरी मला बॅट धरू दे!” व्हर्जिलने मक्याचं सूप बाजूला सारलं.

“नवरा घरात! मैदानात मला जिंकणारा माणूस लागतो.”

तो जेवेचना, तेव्हा तिने कीबोर्ड त्याच्यापुढे आदळला. “घे, तूच निवड आजचा संघ. हरलास तर याद राख!”

व्हर्जिलने चष्मा पुसला, पडद्यावर स्वतःची जुनी कामगिरी नीट वाचली आणि घसा खाकरला.



“लोर्ना, ह्या गड्याला मुळात संघात घेतलं कोणी?”