दोनदा नको

“चहा घेणार ना, सिस्टर?”

“नको.”

“अर्धा कप तरी?”

“नको, खरंच.”

“अहो, आधण ठेवलंच आहे. घोटभर घ्या.”

हानेका सिस्टरने कागदांवरून मान वर केली. “नोरीन, मला चहा नको आहे,” ती म्हणाली. रागाने नव्हे, सरळच म्हणाली. ती हॉलंडची. त्यांच्याकडे नको म्हणजे नको, विषय संपला.

नोरीनला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयर्लंडमधल्या मेयोच्या या किनाऱ्यावर पहिल्या खेपेला हो कोण म्हणतो? पहिलं नको रीतीचं. दुसरं नको, आपल्यामुळे कुणाला त्रास नको म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं की मग, ‘बरं बाई, एवढा आग्रह करताय तर.’ लेक ब्रोना चालायला लागली तेव्हापासून नोरीनने तिला हेच पढवलं होतं. शेजारणीने केक पुढे केला की लगेच हात घालायचा नाही, हावरट दिसतं. दोनदा नको म्हणायचं, मग घ्यायचं. पोरगी इतकी गुणी की सगळं गाव तिचं उदाहरण द्यायचं.

ती गुणी पोरगी आता आठ वर्षांची होती आणि पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर पडून होती. आजार हाडांत पसरला होता. इस्टरला डब्लिनच्या डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, आता औषध बरं करायला नाही, दुखू नये एवढ्यासाठी. तिला घरी घेऊन जा. घरी आणली. पण अशा पोरांना बघणारी सिस्टर सगळ्या किनाऱ्याला मिळून एकच, आणि ती यायची सहा-सात आठवड्यांनी. नवरा फिन्टन बोटीवर, पंधरा-पंधरा दिवस समुद्रात. इस्टरपासून नोरीन सलग दोन तास झोपली नव्हती. परवा चुलीपुढे उभ्या उभ्या डोळा लागला आणि मनगट भाजलं.

आणि तरीही सिस्टर येणार म्हणून दोन दिवस खपून तिने घर लख्ख केलं. खिडक्या पुसल्या, पाव भाजला, भाजलेलं मनगट दिसू नये म्हणून लांब बाह्यांचा स्वेटर घातला. ती स्वतः ज्या घडीच्या खाटेवर पडायची, ती उचलून गोठ्यात टाकली. पाहुण्यांना पसारा कसा दाखवायचा?

“रात्रीसाठी एक नर्स देता येईल,” हानेका सांगत होती. “आठवड्यातून तीन रात्री. यंदा एकाच घराला देता येणार आहे. तुम्हाला हवी का?”

नोरीनला वाटलं, हिचे पाय धरावेत. पण तोंडाला वळण वेगळंच होतं. “नको हो,” ती म्हणाली. “चालतंय आमचं. ज्यांना खरी गरज असेल त्यांना द्या.”

“नक्की?”

“नक्की. आम्ही अगदी मजेत आहोत.”

एवढं बोलून ती थांबली. टेबलावर नसलेले पावाचे कण पुसत राहिली. आता विचारेल, आता विचारेल. हानेकाने पेन उचललं आणि कागदावर एक खूण केली.

“तुमच्यासारखी धीराची माणसं कमी भेटतात,” ती म्हणाली, अगदी मनापासून. आता हो म्हणायचं, तर आपण आत्ताच धडधडीत खोटं बोललो हे कबूल करायचं. तेही नीटनेटक्या स्वयंपाकघरात बसून. नोरीनला ते जमलं नाही.

मग हानेकाने दुखण्याची वही चाळली. रोज सकाळ-संध्याकाळ लेकीला ‘दुखतंय का’ विचारून नोरीन त्यात दहापैकी आकडा भरायची. शून्य, शून्य, एक, शून्य. हानेका पलंगाशी गेली. “दुखतंय का गं?” तिने विचारलं.

“नाही,” ब्रोना म्हणाली.

“छान. मग औषध आहे तेवढंच राहू दे.” तिने बॅग उचलली. तिची गाडी माळावरच्या रस्त्याने निघाली आणि वळणापाशी दिसेनाशी झाली.

नोरीन पलंगाच्या कडेला बसली ती एकदम कोसळलीच. लेकीपुढे रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, ते सगळं वाहून गेलं.

“दोनदा विचारलं बाईने. दोनदाच. आणखी एकदा विचारलं असतं तर काय तोंड झिजलं असतं तिचं?”

“तुला ती नर्स हवी होती?” ब्रोनाने विचारलं.

“हो गं राणी. फार हवी होती.”

“मग नको का म्हणालीस?”

“ती तिसऱ्यांदा विचारेल म्हणून.”

ब्रोनाने दोन्ही मुठींत पांघरूण घट्ट आवळून धरलं होतं, सकाळपासूनच धरलं होतं. नोरीनला वाटलं होतं, तिला थंडी वाजत असेल. तिने त्या मुठी आपल्या हातांत घेतल्या. बोटं घामाने ओली होती.

“आई,” ब्रोना हळूच म्हणाली, “मला दुखतंय का, हे तू तर दर वेळी एकदाच विचारतेस.”