शिवेवरचा गाडा

मरीआईचा गाडा शिवेच्या दगडाशी अडला होता. पुढची दोन चाकं खालच्या गावात, मागची दोन वरच्या गावात. गाड्यात हिरव्या खणातली आई, लिंबं, बांगड्या आणि पाय बांधलेली कोंबडी. गाडा ओढणारा कचरू पोतराज खाली मातीत आडवा झाला होता. वरच्या गावातली पटकीची साथ शिवेपार घालवायला निघालेल्या माणसालाच पटकीनं वाटेत गाठलं. सोबतचे हलगीवाले केव्हाच पसार झाले होते.

दोन्ही गावं जमली होती, पण शंभर-शंभर पावलं लांब.

“गाडा माघारी न्या!” खालच्या गावचे रामराव पाटील काठी आपटत ओरडले. “आमच्या शिवारात तिसरं चाक आलं तर डोकी फुटतील!”

“आईचा गाडा माघारी येत नसतो, पाटील,” वरच्या गावचा बद्रीनाथ इकडून ओरडला. “तुम्ही ढकला की पुढं, तुमच्या खालच्यांकडं.”

निजामाच्या मोगलाईत दोन गावांचा तंटा तहसीलला पोचायचा म्हणजे सहा महिने. कचरूजवळ तेवढा वेळ नव्हता. त्याला उलटीवर उलटी होत होती, डोळे खोल गेले होते. दोन्हीकडच्या दीड-दोनशे माणसांना गाड्याची काळजी होती.

मग ओढ्याकडच्या खोपटातून रखमाजी आला. हातात पाण्याचा तांब्या.

रखमाजी हा कचरूचा थोरला भाऊ. गाडा ओढायचा मान खरं तर त्याचा. पण जालन्याच्या मिशन दवाखान्यात झाडूकाम करता करता तो किरिस्ताव झाला, त्यानं जटा कापल्या आणि तो मान धाकट्याच्या गळ्यात पडला. तेव्हापासून सात वर्षं कचरू त्याच्याशी बोलला नव्हता. रखमाजीची बायकोही माहेरी गेली ती गेलीच. शिवेवरच्या एका पडीक तुकड्यात रखमाजीचं खोपट होतं. तो तुकडा दोन्ही गावच्या पटवाऱ्यांनी आपापल्या नकाशातून सोडून दिलेला. महिन्यातून एकदा किरिस्ताव मंडळीचे मास्तर जालन्याहून यायचे. दोघं मिळून प्रार्थना करायचे, मग चहा प्यायचे. एरवी त्याच्या दारात कुत्रंही थांबत नसे.

त्यानं कचरूचं डोकं मांडीवर घेतलं. उकळून निववलेलं पाणी होतं, मीठ-गूळ घातलेलं. कचरूनं तोंड फिरवलं.

“आधी गाडा,” तो म्हणाला.

“कचऱ्या, मरून राह्यलास तू.”

“मरू दे. गाडा शिवंवर टाकून पाणी पीत बसला म्हणतील. माझ्या लेकरांला गाव दारात उभं करायचं न्हाई. आधी गाडा.”

रखमाजी गाड्याकडं बघत राहिला. रोग गाड्यात बसून येत नाही, हे त्यानं दवाखान्यात पाहिलं होतं. पण काठ्या घेऊन उभ्या असलेल्यांना ते कोण सांगणार? आणि मास्तरांनी तर निक्षून सांगितलं होतं, जो मरीआईच्या गाड्याला हात लावील त्याला मंडळीत जागा नाही. मास्तर माणूस वाईट नव्हता, पण नियमाला पक्का होता. रखमाजीला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. त्या एका दिवसाच्या चहावर तो अख्खा महिना काढायचा.

तो उभा राहिला.

“पाटील, गाडा माझ्या दारात लावतो. माझं घर तुमच्या बी गावात न्हाई अन् ह्यांच्या बी न्हाई.”

दोन्ही गावं एकमेकांकडं बघू लागली. त्यांचं इतक्या जल्दी एकमत आजवर कशावरच झालं नव्हतं.

“बराबर हाय,” पाटील म्हणाले. “पण मंग आईचा कोप तुझ्या डोक्यावर. आमच्या वाटेनं बाजाराला बी यायचं न्हाई.”

“इकडं बी न्हाई,” बद्रीनाथ म्हणाला. “बिलकुल न्हाई.”

“बरं,” रखमाजी म्हणाला. “ह्याच्या लेकरांला मात्र सांगा, गाडा शिवंच्या पार गेला म्हणून.”

“सांगतो,” बद्रीनाथ म्हणाला.

रखमाजीनं कचरूला उचलून गाड्यातच घातलं, आईच्या शेजारी. कोंबडी पायांशी सरकवली. मग दोर खांद्याला लावला. काळ्या मातीत चाकं रुतत होती. भावाचं वजन मात्र लागत नव्हतं, इतका तो रिकामा झाला होता. मागं वळून पाहिलं तेव्हा शिवेवर कोणी नव्हतं. सगळे आपापल्या घरी आंघोळीला गेले होते.

खोपटात त्यानं कचरूला घोंगडीवर निजवलं. चमच्या-चमच्यानं पाणी पाजलं. पहिलं उलटून पडलं, दुसरंही. त्यानं जमीन पुसली, हात धुतले, पुन्हा चमचा भरला. दिवस कलला तसं पाणी पोटात टिकू लागलं. कचरूनं डोळे उघडले. उघड्या दारातून गाडा दिसत होता, अगदी उंबऱ्याला लागून. आत यायचं तर त्याला वळसा घालूनच यावं लागलं असतं.



“दादा,” तो म्हणाला. “आता तुझ्या दारात कोण येईल रं?”

रखमाजीनं चमचा त्याच्या ओठांना लावला.

“तू आलास की.”